रेघ कुठे मारायची? स्पॅनिशवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेले, की स्पॅनिश जशी लिहितात तशीच वाचतात, आपल्या मराठीसारखी. बस्स, त्यानंतर पंधरा दिवस फोन वाजायचा थांबलाच नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच, टीचर, वाचायला येतं हो, पण शब्द तोडायचा कुठे, जोर कुठे द्यायचा आणि ती डोक्यावरची तिरकी रेघ नक्की कधी मारायची? चूक माझीच, अर्धंच सांगितलं होतं. म्हणून यावेळचं पान सगळं त्यालाच देतेय. स्पॅनिश शब्द देवनागरीतच लिहितेय, मूळ स्पेलिंगमध्ये रेघ असली की तसं सांगेन.

प्रश्न : मी स्पॅनिशचा सर्टिफिकेट कोर्स करतेय. परीक्षेत शब्दाचे सिलेबल (उच्चाराचे तुकडे) पाडायला सांगतात आणि तिथेच माझे मार्क जातात. 'पास्ता' मी 'पा-स्ता' असा तोडला तर चूक दिली. देवनागरीत आपण तसाच लिहितो ना? (विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : घोळ तिथेच आहे, तू डोळ्यांनी तोडतेयस, कानाने तोड. शाळेत वृत्तं शिकवली होती ना, लघु-गुरू पाडायचो, तेव्हा बाई काय सांगायच्या? जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू. का गुरू? कारण जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन खरं म्हणजे आधीच्या अक्षराला चिकटतं. 'मस्त' आपण लिहितो म-स्त पण म्हणतो मस्-त. स्पॅनिशमध्ये अगदी तेच, 'पास-ता'. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्याच्या घरी जातं (का-सा, आ-मी-गो), दोन असतील तर एक इकडे एक तिकडे (कार-ता, सेल-वा).

फक्त एक जागा सांभाळ, तिथे आपलं वृत्त कामाला येत नाही. दुसरं व्यंजन 'र' किंवा 'ल' असेल, म्हणजे प्र, ब्र, त्र, द्र, क्र, ग्र, फ्र नाहीतर प्ल, ब्ल, क्ल, ग्ल, फ्ल, तर ती जोडी फोडायची नाही, सगळीच्या सगळी पुढे ढकलायची. पुस्तक म्हणजे लि-ब्रो, वडील म्हणजे पा-द्रे, बोलणं म्हणजे आ-ब्लार. आपण 'पुत्र' मोजताना पु गुरू धरतो, म्हणजे पुत्-र असं तोडतो, स्पॅनिश माणूस पु-त्र तोडेल. तीन व्यंजनं एकत्र आली तरी हीच युक्ती, शेवटी अशी जोडी असेल तर ती पुढे (ओम-ब्रे, एस-क्रि-बिर), नसेल तर दोन मागे एक पुढे (इन्स-ति-तू-तो). 'च', दोन एलचा 'य' आणि दोन आरचा दणदणीत 'र्र' दिसताना दोन-दोन अक्षरं दिसतात पण आवाज एक, म्हणून तुटत नाहीत. मु-चा-चो, का-ये, पे-र्रो.

आणि एस आणि व्यंजन मिळून सिलेबल कधीच सुरू होत नाही, म्हणून एस-पा-न्या, एस-क्वे-ला. इथे गोव्यात तर समजायला अगदीच सोपं. कोंकणीत शाळेला इस्कोल म्हणतात, माझी आजी मडगावला 'इस्टेशन'वर जायची. जीभ नुसत्या स्क-स्टने सुरुवात करायला तयारच नसते, आधी एक स्वर पायरीसारखा ठेवते.

राहिले स्वर. आ, ए, ओ हे तीन दांडगे, इ आणि उ हे दोन नरम. दोन दांडगे एका खोलीत मावत नाहीत, म्हणून ते-आ-त्रो, पो-ए-ता. नरम स्वर मात्र दांडग्याच्या खोलीत मुकाट राहतो, म्हणून 'सात' हा स्ये-ते, दोनच सिलेबल, आणि 'नऊ' न्वे-वे, तोही दोनच. दोन नरम असले तर तेही एकत्र नांदतात, स्यू-दाद म्हणजे शहर. पण नरम स्वरावरच जोर आला तर तो वेगळी चूल मांडतो, आणि वेगळी चूल मांडल्याची खूण म्हणजे ती रेघ. 'दिवस' हा दी-आ, 'देश' हा पा-ईस, दोन्हीकडे रेघ इवर. मधे एच आला तरी त्याला विचारायचं नाही, तो नुसता उभा असतो.

प्रश्न : आमच्या बिल्डिंगमध्ये तीन फर्नांडिस, दोन रॉड्रिग्स आणि एक लोपीस. टीव्हीवर स्पेनची मॅच असली की हीच आडनावं शर्टावर दिसतात पण शेवटी झेड आणि मधे कुठेतरी रेघ. आमच्याकडच्यांची रेघ पोर्तुगिजांनी खाल्ली का? (एक फुटबॉलवेडा, वास्को)

उत्तर : अख्ख्या डाकेत हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण स्पॅनिशचा सगळा नियम या आडनावांत बसलाय. बघा. स्पॅनिश शब्द स्वराने, एनने किंवा एसने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या सिलेबलवर. बाकी कुठल्याही व्यंजनाने संपला तर जोर शेवटच्यावर. नियम एवढाच. रेघ कधी? जोर या नियमाप्रमाणे पडत नसेल तेव्हा. रेघ म्हणजे सजावट नाही, इथे नियम मोडलाय, बघून चाला, अशी रस्त्यावरची पाटी आहे ती.

आता फर्नांडिस. पोर्तुगीज स्पेलिंग एसने संपतं आणि एसने संपलं की पोर्तुगीजमध्येही साधारण असाच हिशोब, जोर शेवटून दुसऱ्यावर, म्हणजे 'नान'वर. नियमात बसलं, रेघ नको. स्पेनमध्ये तेच आडनाव झेडने संपतं. झेडच्या नियमाने जोर शेवटच्या 'देस'वर गेला असता, पण म्हणणारा माणूस तर 'नान'वरच देतो, मग काय, 'नान'च्या डोक्यावर रेघ. रॉड्रिग्स, लोपीस, गोम्स सगळ्यांची हीच गोष्ट. रेघ कोणी खाल्ली नाही, एस आणि झेडचा खेळ आहे सगळा.

तुम्ही फुटबॉलवाले आहात म्हणून एफसी गोवाचीच माणसं घेऊया. 2017 ला आलेले कोच लोबेरा, लो-बे-रा, स्वराने संपतं, जोर 'बे'वर, रेघ नाही. त्यांचं पहिलं नाव सेर-ख्यो, दोन सिलेबल, आपण उगाच से-र-जि-ओ असे चार करतो. सलग दोन सीझन आयएसएलचा (इंडियन सुपर लीग) गोल्डन बूट घेतलेला आपला कोरो, पूर्ण आडनाव को-रो-मी-नास, एसने संपतं, जोर 'मी'वर. 2023 ला आलेले कोच मार्केस झेडवाले, म्हणून 'मार'वर रेघ. स्टेडियममध्ये ओरडताना जोर बरोबर जागी पडला की आवाज पण लांब जातो, करून बघा.

एन आणि एसलाच ही सूट का, हे कुठल्याच गाईडमध्ये नीट लिहीत नाहीत म्हणून मुद्दाम सांगते. स्पॅनिशमध्ये अनेकवचन एस लावून होतं आणि 'ते करतात'वालं क्रियापद एन लावून. का-सा, का-सास. आ-ब्ला (तो बोलतो), आ-ब्लान (ते बोलतात). शेपूट लागलं तरी बोलताना जोर हलत नाही. सूट दिली नसती तर प्रत्येक अनेकवचनावर रेघा मारत बसावं लागलं असतं, वैताग.

आणि जाता जाता, मारिया आणि आंतोनियो. पोर्तुगीजमध्ये मारियाला रेघ नाही, स्पॅनिशमध्ये इवर रेघ आहे. पोर्तुगीज आंतोनियोला रेघ आहे, स्पॅनिशला नाही. बरोबर उलटं! नावं तीच आणि जोरही त्याच जागी, फक्त शेवटचे दोन स्वर एक मोजायचे की दोन यावर दोन भाषांचा हिशोब वेगळा. स्पॅनिशमध्ये आन-तो-न्यो तीनच सिलेबल, जोर 'तो'वर, नियमात बसलं. मा-री-आ मध्ये इने वेगळी चूल मांडली, म्हणून खूण.

प्रश्न : मी क्रूझवर बारमध्ये आहे, आता सुट्टीवर घरी आलोय. बार्सिलोनाहून पॅसेंजर चढले की ऑर्डर एवढी फास्ट देतात की अर्धी डोक्यावरून जाते. 'पोंगामे' हा काय प्रकार, डिक्शनरीत मिळत नाही. (तारवटी, काणकोण)

उत्तर : मिळणार नाही, कारण तो दोन शब्दांचा एक झालाय. 'पोंगा' म्हणजे द्या, ठेवा (आदराने), आणि 'मे' म्हणजे मला. 'पोंगामे ऊना सेर्वेसा', मला एक बियर द्या. गंमत अशी की पोन-गा मध्ये जोर 'पोन'वर होता, मागे 'मे' लागला तरी तो जागचा हलत नाही, फक्त आता शेवटून तिसरा झाला. आणि शेवटून तिसऱ्यावर जोर म्हटला की रेघ हमखास, एकही अपवाद नाही. तसंच 'त्राइ-गा-मे' म्हणजे आणून द्या, 'दी-गा-मे' म्हणजे सांगा (स्पेनमध्ये फोन उचलून पण हेच म्हणतात). आणखी एक 'लो' लागला, त्राइ-गा-मे-लो, 'ते मला आणून द्या', तर जोर शेवटून चौथ्यावर. तुम्ही कान पहिल्या सिलेबलवर लावा, मागून लटकलेलं 'मे', 'लो', 'ला' हे घाईघाईत म्हणतात ते आपोआप सुटं होईल. ऑर्डर कळायला पहिला तुकडाच पुरतो.

सराव तुमच्या बंदरांवरच करा, पाठ करायला काही नवीन नको. बार-से-लो-ना, कार-ता-खे-ना, बा-लेन-स्या (तीनच!), ई-बी-सा, सगळी नियमातली, शेवटून दुसरा. मा-ला-गा मध्ये जोर पहिल्यावर, शेवटून तिसरा, म्हणून रेघ. का-दिस झेडने संपतं पण जोर 'का'वर, रेघ. पा-ना-मा स्वराने संपतं पण जोर शेवटच्या 'मा'वर, रेघ. बंदर नाही पण मा-द्रिद बघा, डीने संपतं, नियमानेच जोर 'द्रिद'वर, रेघ नाही. पहिल्या 'मा'वर जोर टाकत असाल तर तो सोडा.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षिका. नातीचा स्पॅनिशचा अभ्यास घेताना माझीच शिकवणी होते. 'गाणं' या शब्दावर रेघ आहे आणि 'गाणी' म्हटलं की गायब. 'तरुण'वर नाही आणि अनेकवचनात उगवते. शुद्धलेखनाला काही ताळतंत्र आहे की नाही? (साखळी)

उत्तर : बाई, तुम्ही आयुष्यभर मुलांना 'फूल' दीर्घ, 'फुलाला' ऱ्हस्व, 'मूल' दीर्घ, 'मुलाला' ऱ्हस्व असं घोकायला लावलंत, तुम्हीच असं म्हणालात तर आम्ही काय करायचं! शब्दाची शेपटी वाढली की आतलं बदलतं, तसंच आहे हे. कान-स्योन, जोर 'स्योन'वर, पण एनने संपतो म्हणजे नियमाने जोर 'कान'वर हवा होता, म्हणून रेघ. अनेकवचन कान-स्यो-नेस, जोर तिथेच 'स्यो'वर, पण आता तो शेवटून दुसरा झाला, नियमात बसला, रेघेचं काम संपलं. 'तरुण' म्हणजे खो-वेन, जोर 'खो'वर, नियमातला. खो-वे-नेस झालं आणि 'खो' शेवटून तिसरा झाला, आली रेघ. थोडक्यात जोर हलत नाही, त्याच्यामागे किती सिलेबल उरले ते मोजायचं. नातीला सांगा, बोटं मागून मोज, पुढून नाही.

हो, दोन-तीन शब्द नाठाळ आहेत ज्यात जोरच उडी मारतो. का-राक-तेर (स्वभाव) मध्ये 'राक'वर, अनेकवचनात का-राक-ते-रेस, जोर सरकून 'ते'वर. 'रेखिमेन' (राजवट) मध्ये 'रे'वर, अनेकवचनात 'खि'वर. असले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, ते पाठच करायचे, 'आणि'चा णि ऱ्हस्व पाठ केला तसे.

प्रश्न : वय 83. लायसियममध्ये (पोर्तुगीज काळातलं विद्यालय) पोर्तुगीज शिकलो, अजून उत्तम येते. स्पॅनिश वाचून कळते, पण बोललो की समोरचा गालात हसतो. (मळा, पणजी)

उत्तर : काका, तुमचं पोर्तुगीज चांगलं आहे हाच त्रास आहे. शब्द सारखे दिसतात आणि जोर दुसरीकडे असतो, त्यामुळे कळतं सगळं पण कानाला खटकतं. पोलीस घ्या, पोर्तुगीजमध्ये पो-ली-सिया, जोर 'ली'वर, स्पॅनिशमध्ये पो-ली-सी-आ, जोर 'सी'वर. 'अकादेमिया' तुम्ही 'मि'वर म्हणता, ते आ-का-दे-म्या, 'दे'वर. 'देमोक्रासिया'चं पण तसंच, तुमचा जोर 'सि'वर, त्यांचा 'क्रा'वर. टेलिफोन तुमचा ते-ले-फो-ने, त्यांचा ते-ले-फो-नो, नुसता शेवटचा स्वर बदलून भागत नाही, जोर 'ले'वर न्यायचा आणि तिथे रेघ. महासागर तुमचा ओ-से-आ-नो 'आ'वर, त्यांचा 'से'वर. मेंदू तुमचा 'से-रे-ब्रो' पहिल्यावर, त्यांचा 'रे'वर. दहा-पंधरा शब्दांची अशी यादी करून आरशाशेजारी चिकटवा, दाढी करताना म्हणा, महिन्याभरात हसणं बंद होईल.

अजून एक बारीक फरक. पोर्तुगीजमध्ये शेवटी इ किंवा उ असला की जोर आपोआप शेवटच्यावर, म्हणून 'काजू' हा शब्द बिनरेघेचा, जोर 'जू'वर. ब्राझीलहून झाड आणलं पोर्तुगिजांनी आणि नावही त्यांच्याबरोबरच आलं. स्पॅनिशमध्ये कुठलाही स्वर शेवटी असो, जोर शेवटच्यावर हवा तर रेघ मारावीच लागते. पेरू देश (आपण खातो तो नव्हे) पोर्तुगीजमध्ये बिनरेघेचा, स्पॅनिशमध्ये रेघेसकट, उच्चार दोन्हीकडे पे-रू, जोर 'रू'वरच. काजूला स्पेनमध्ये शब्दच वेगळा, आ-ना-कार-दो.

प्रश्न : मडगावच्या जुन्या पोर्तुगीज स्पेलिंगमध्ये 'आ'वर एक लाट असते. स्पॅनिशमध्ये एनवर तशीच लाट बघितली. ती पण जोराची खूण का? (फातोर्डा)

उत्तर : नाही. पोर्तुगीजची लाट म्हणजे स्वर नाकातून म्हणा, स्पॅनिशमध्ये एनवर लाट आली की ते अक्षरच वेगळं, 'न्य', वर्णमालेत त्याची जागा स्वतंत्र. जोराशी दोघींचाही थेट संबंध नाही. ही लाट मात्र विसरू नका, 'आन्यो' म्हणजे वर्ष आणि लाट गेली की 'आनो', म्हणजे शरीराचा असा भाग की वय सांगताना तो निघाला तर तोंड लपवायची पाळी.

प्रश्न : मेसेज टाइप करताना रेघा मारायच्या कशाला, तिकडचे लोकही मारत नाहीत म्हणे. (म्हापसा)

उत्तर : मित्राला व्हॉट्सॲप करताय तर नका मारू, ते पण घाईत सोडतात, संदर्भाने कळतं. पण त्यांना जोर तोंडपाठ आहे, आपल्याला नाही, हा फरक आहे. आपण रेघ सोडली की हळूहळू जोर पण सुटतो. माझीच गोष्ट सांगते. सुरुवातीच्या दिवसांत एका मेक्सिकन बाईंना ईमेल केला, त्यात मोठ्या अभिमानाने लिहिलं, माझे वडील शिक्षक आहेत. पा-पा, रेघ न मारता. रेघ शेवटच्या 'पा'वर असती तर वडील. रेघ नाही म्हणजे जोर पहिल्यावर, म्हणजे बटाटा. माझा बटाटा शिक्षक आहे. बाई सज्जन, त्यांनी उत्तरात एवढंच लिहिलं की तुमच्या बटाट्याला नमस्कार सांगा.

क्रियापदात तर फसायलाच होतं. 'तेर्मिनो' हा एकच शब्द, 'तेर'वर रेघ तर शेवट, मुदत. रेघच नाही आणि जोर 'मि'वर तर 'मी संपवतो'. शेवटच्या 'नो'वर रेघ तर 'त्याने संपवलं'. कोणी संपवलं आणि कधी, सगळं त्या एका रेघेवर. एकाच सिलेबलच्या शब्दांत जोराचा प्रश्नच नाही, तिथे रेघ फक्त जुळ्या भावांना वेगळं ओळखायला, 'सी' रेघेसकट म्हणजे हो, बिनरेघेचा म्हणजे जर. आपलं दिन आणि दीन आहे ना, कानाला जवळपास एकच, कागदावर वेगळं. फोनवर स्पॅनिश कीबोर्ड घ्या, स्वर दाबून धरला की रेघवाला वर येतो, दोन दिवसांत सवय होते.

प्रश्न : जुने गोवे इथे गाईड आहे. स्पॅनिश टुरिस्ट सेंट झेवियरचं नाव भलतंच घेतात, झे-वि-यर असे तीन तुकडे करून मी सांगतो तर त्यांना कळतच नाही मी कोणाबद्दल बोलतोय!

उत्तर : कसं कळणार, त्यांचा तो घरचा माणूस. 1506 साली नवारामध्ये खाव्येर नावाच्या वाड्यात जन्मला, आडनाव त्या वाड्याचंच. मूळ बास्क भाषेत त्याचा अर्थ नवं घर, म्हणजे आपल्याकडचे नवघरे म्हणा ना! दोनच सिलेबल, खा-व्येर. इ इथे एच्या खोलीत मुकाट बसलाय, वेगळी चूल नाही. आरने संपतं, जोर शेवटच्यावर, 'व्येर'वर, रेघ नाही. पहिलं अक्षर एक्स असो की जे, घशातून 'ख' काढा, झ नको. पूर्ण नाव सान फ्रान-सिस-को खा-व्येर, 'सिस'वर एक जोर आणि 'व्येर'वर एक. बॉम जेझूच्या पायऱ्या चढता चढता दहा वेळा म्हणा, तीन डिसेंबरच्या फेस्ताची गर्दी सुरू व्हायच्या आत जिभेवर बसेल.